दोन-सहा

जांभळी नाक्याच्या आतल्या गल्लीत
सव्वीस वर्षं मी बायकांचे हात धरते.
ज्योतिष्याला रेघा, मला सांधे.
अंगठ्याच्या मुळाचं हाड किती दबतं
त्यावर ठरतं, काकण चढेल की फुटेल.

चेंदणी कोळीवाड्यातली सुगंधा नाखवा,
माझ्या वहीत तिचं माप दोन-सहा.
लग्नात दोन-सहा, दोन बाळंतपणांनंतरही दोन-सहाच,
पण अशी अडून बसायची
की साबणाचं पाणी लावून,
तिला बोंबलाच्या भावात गुंतवून
एकेक काच हळूच सरकवावी लागे.

यंदा नारळी पौर्णिमेआधी आली.
साबण लावायची वेळच आली नाही.
दोन-सहा थेट कोपरापर्यंत गेली
आणि तशीच परत आली.
"बारीक झालीस गं."
"उपास धरलेत."
कुठले उपास, बाई? माझ्यासमोर
पिशवीतनं खारवलेल्या आवळ्यांची बरणी काढलीस
आणि आवळे सोडून पाणी प्यालीस.

मग मी हात उलटा केला.
तळव्याच्या रेघा काळ्या,
काजळाच्या काडीनं गिरवल्यासारख्या.
बोटांचे सांधे काळे.
होळीला पुरणपोळ्यांच्या तव्यानं बसलेला चटका,
तो एव्हाना विरायला हवा होता, तोही काळा.
ऊन लागलंय, असं म्हणाली.
मुठीच्या घडीत ऊन कुठनं शिरतं?
हे तिला विचारलं नाही. मलाच विचारलं.
ती हसली तेव्हा हिरड्यांवर डाग,
जांभळं खाल्ल्यासारखे,
आणि बाजारातनं जांभूळ जाऊन महिना झालेला.

उठताना तिनं माझं काचेचं कपाट धरलं.
चार डझन हिरव्या एकदम खणखणल्या.
"उभं राहिलं की अंधारी येते, काकू.
पहाटे पाटी उचलायची तर पायात शिसं."
सासू म्हणते नजर. नवरा म्हणतो आळस.
कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं टॉनिक दिलं,
लाल, गोड. गोडाचं तिला नावच नको,
पोटात ढवळायचं. मीठ मात्र
तळहातावर घेऊन चाटायची, चोरून.

मला आजाराचं नाव ठाऊक नव्हतं.
सातवीत शाळा सुटली माझी.
पण वही काढली, आणि बिलाच्या पाठीवर उतरवलं:
चैत्रात दोन-सहा, साबण लागला.
श्रावणात दोन-चार, तीही सैल.
रेघा काळ्या. हिरड्या पण. मीठ. अंधारी.
"हे दाखव कळव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात," म्हटलं.
"आणि टॉनिक मागू नकोस."

तिथल्या पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी
बिल दोनदा वाचलं, म्हणे.
आडवी करून ब्लड प्रेशर घेतलं,
उभी करून पुन्हा घेतलं.
दुसऱ्या दिवशी सकाळी आठला रक्त.
मूत्रपिंडांच्या डोक्यावर म्हणे
टोपडं घातल्यासारख्या दोन ग्रंथी असतात,
अंगातलं मीठ राखणं त्यांच्याकडे.
सुगंधाच्या त्या सुकत चाललेल्या.
राखणदार निजले, आणि ही
बरणी घेऊन फिरत होती.

आता रोज गोळी, जन्मभर.
ताप आला तर दुप्पट,
उलटी थांबेना तर घरी बसायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं.
हे तिनं मला पाठ म्हणून दाखवलं
आणि उलटीपाशी अडखळली.
पुन्हा म्हणायला लावलं,
तेव्हाच काकणं भरली.

दिवाळीला दोन-चार घट्ट बसली.
रेघा आहेत अजून. जातील, किंवा थोड्या राहतील.

माझी लेक चिडते:
"आई, किती वेळ हात धरून बसतेस,
गिऱ्हाईक पळेल."
परवा कॉलेजातली एक पोर आली.
तिची काळपट बोटं बघून माझ्या पोटात गोळा.
"मेंदी आहे हो काकू, परवाची."
दोघी हसलो.
तरी मी तिचा हात धरून
तिला गल्लीच्या तोंडाशी, उजेडात नेलं.